अणुभट्टीच्या आधी कागद येऊ द्या

कोळशाचे जुने संच बंद झाले की त्याच जागी छोट्या अणुभट्ट्या उभ्या राहणार, ही चर्चा चंद्रपूर-कोराडीच्या आसपासच्या गावांत आता पानठेल्यापर्यंत पोचली आहे. चर्चा अगदीच हवेतली नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधन-विकासासाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. २०३३ पर्यंत अशा किमान ५ देशी भट्ट्या चालू करायच्या आणि २०४७ पर्यंत अणुविजेची क्षमता १०० गिगावॉटवर न्यायची, असे उद्दिष्ट ठरले. निवृत्त होणाऱ्या औष्णिक केंद्रांच्या जागा त्यासाठी कामी येतील, हे सरकार स्वतःच सांगत आले आहे. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसॲटम या अणुकंपनीशी थोरियमवरच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा ‘शांती’ कायदा संमत केला आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले. कोणत्या गावाच्या वाट्याला काय येणार हे कळायच्या आतच आमच्याकडे दोन तट पडले. एक म्हणतो, भट्टी आली की पोरं लुळीपांगळी जन्मतील, वावरात पऱ्हाटी उभी राहणार नाही. दुसरा म्हणतो, विरोध करणारे सगळे विकासाचे वैरी, यांना चोवीस तास लाइट पाहिजे पण कारखाना नको. व्हिडिओ दोघांच्याही मोबाइलमध्ये आहेत. या विषयावरचा एखादा सरकारी अहवाल, नियम किंवा संहिता मात्र दोघांपैकी कोणीही पाहिलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. अणुऊर्जा हवी की नको, हा विदर्भातल्या गावांपुढचा आज तरी दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की अणुऊर्जेचे नियमन करणारे सरकार जे छापते ते गावात, मराठीत आणि निर्णयाच्या आधी पोचते का? पोचत नसेल, तर ते पोचवण्याची सक्ती कायद्याने कोणावर आहे? ही सक्ती नसताना घेतलेला होकार जितका पोकळ, तितकाच नकारही. तुम्ही कोणत्याही तटात असा, या मागणीवर दोघांनी एकत्र यायला हरकत नसावी.

अणुविजेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे काही मुद्दे मला बिनशर्त मान्य आहेत. ज्या मुलुखात राखेच्या तलावावरून वारा सुटला की वाळत घातलेले कपडे करडे होतात, तिथे कोळसा सुरक्षित आणि अणू धोकादायक अशी सरळ विभागणी करणे हा ढोंगीपणा आहे. तयार झालेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे किती माणसे दगावतात हा हिशेब मांडला, तर कोळसा अणूपेक्षा कितीतरी जास्त मारतो. फक्त तो गाजावाजा न करता मारतो. दुसरे म्हणजे, अणुऊर्जा नियामक मंडळ काही लपूनछपून बसलेले खाते नाही. त्याचा वार्षिक अहवाल, सुरक्षा संहिता, मार्गदर्शिका, वार्तापत्रे संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्या राज्यातली किती खाती एवढे नियमित छापतात? तेव्हा ‘सगळे दडवले जाते’ हा आरोप जसाच्या तसा टिकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे वाङ्मय इंग्रजीत असते, काही भाग हिंदीत, आणि ते परवानाधारकासाठी, म्हणजे भट्टी किंवा यंत्र चालवणाऱ्यासाठी, लिहिलेले असते. ज्याच्या कुंपणाबाहेर परवानाधारक येऊन बसणार, तो या पुस्तकांचा वाचक म्हणून कोणाच्या डोक्यातच नाही.

आणि हा प्रश्न उद्याच्या भट्टीपुरता नाही. भट्टी येईल तेव्हा येईल, किरणोत्सार मात्र तालुक्याच्या गावात केव्हाचा येऊन बसला आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी २०१२ मध्ये नियामक मंडळावर एक अहवाल संसदेत ठेवला. त्यातला एक आकडा असा, की देशात ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रे असताना मंडळाकडे नोंद होती फक्त ५,२७० ची. म्हणजे ९१ टक्के केंद्रे नियामकाच्या नजरेबाहेर. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच प्रत्येक राज्याने किरणोत्सार सुरक्षा संचालनालय उभारावे असे सांगितले होते. अकरा वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये उभे होते. नियम मोडल्याचा दंड? १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालच्या नियमांत तेव्हा जास्तीत जास्त ५०० रुपये होता. त्यानंतर मंडळाने ऑनलाइन परवाना पद्धत आणली आणि नोंदणी वाढली, हेही खरे. पण कॅगचा तो अहवाल आला नसता तर हे कोणाला कळले असते?

आमच्या भागातल्या एका एक्स-रे केंद्रात मी जे पाहिले ते सांगतो. दारावर पिवळ्या पाटीवरचे तीन पात्यांचे चिन्ह होते, पण पाटी उघड्या दाराच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. शिशाचा ॲप्रन खुर्चीच्या पाठीवर दुहेरी घडी घालून टाकलेला. असा घडी पडलेला ॲप्रन आतून तडकतो आणि त्या भेगेतून किरणे जातात, म्हणूनच तो टांगून ठेवायचा असतो. तंत्रज्ञाने छातीवर लावायचा बिल्ला, ज्यावर त्याला दर तिमाहीत किती मात्रा मिळाली ते मोजले जाते, तो खिळ्याला अडकवलेला. एका पोराचा हात मोडला होता आणि तो सरळ धरायला त्याच्या आईला आत उभे केले, ॲप्रनशिवाय. तिला दिवस गेलेत का, हे कोणी विचारले नाही. एका एक्स-रेने आभाळ कोसळत नाही. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा आपल्याला माती, हवा, अन्न यांतून वर्षभरात मिळणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराच्या मानाने फारच थोडी असते. सामान्य माणसासाठी नैसर्गिक आणि वैद्यकीय मात्रा सोडून वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा भारतातही आहे. पण ‘मला ॲप्रन द्या’ असे त्या माउलीला हक्काने म्हणता यावे, असा नियम कागदावर असूनही तो तिच्यापर्यंत कोणी पोचवलाच नव्हता. नियामकाकडे निरीक्षक मोजके आहेत, हे आपण समजू शकतो. मग ज्या लाखो लोकांना नियम माहीत झाले तर ते फुकटात निरीक्षकाचे काम करतील, त्यांच्या भाषेत ते नियम का छापू नयेत?

इथे पहिला आक्षेप येतो, तो राष्ट्रीय सुरक्षेचा. अणू हा काही कापूस नाही, सगळे उघड करता येत नाही. मान्य. इंधन कुठे ठेवले आहे, कोणत्या वाटेने जाते, पहारा कसा आहे, हे मला नकोच आहे. पण गोपनीयतेच्या कलमाखाली आजवर काय काय गेले ते पाहा. १९९५ मध्ये खुद्द नियामक मंडळाने देशातल्या अणुकेंद्रांतल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींची यादी केली. लोक तो कागद मागत न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने नाही म्हटले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातले गोपनीयतेचे कलम १८ उचलून धरले. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या सुरक्षा विश्लेषण अहवालाबाबत केंद्रीय माहिती आयोगाने २०१२ मध्ये ‘द्या’ असे सांगितले, तर अणुवीज महामंडळ उच्च न्यायालयात गेले. शत्रूपासून लपवण्याची गोष्ट आणि शेजाऱ्यापासून लपवण्याची गोष्ट यांत फरक करणारी यंत्रणा आपण कधी उभी केलीच नाही. हा फरक न केल्याने काय होते ते जपानने मार्च २०११ मध्ये दाखवले. फुकुशिमाच्या भट्ट्यांतून निघालेला किरणोत्सार कोणत्या दिशेने पसरेल याचे अंदाज संगणक तासातासाला काढत होता. ते अंदाज सरकारकडे पोचले, गावांकडे पोचले नाहीत. नामिए गावचे लोक सुरक्षित म्हणून ज्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले, वारा नेमका तिकडेच वाहत होता. तो अंदाज लपवून जपानने कोणत्या शत्रूला फसवले?

नियामक कोणाचा माणूस, हा प्रश्नही याला जोडूनच आहे. आपले मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी एका सरकारी आदेशाने जन्मले. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, आयोगाचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचा सचिव आणि भट्ट्या चालवणारे महामंडळही त्याच खात्याचे. अमेरिकेने हाच गुंता ओळखून १९७४ मध्ये आपला अणुऊर्जा आयोग कायद्याने दुभंगला, प्रसार एकीकडे आणि नियमन दुसरीकडे. आपल्याकडे स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक सप्टेंबर २०११ मध्ये आले आणि लोकसभेबरोबर २०१४ मध्ये विरले. आता नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. गोपनीयतेचे कलम मात्र नव्या घरातही आले आहे.

दुसरा आक्षेप मी शहरातल्या शिकलेल्या मित्रांकडून ऐकतो. खेड्यातल्या माणसाला सुरक्षा संहिता काय कळणार? या आक्षेपाला उत्तर द्यायला मला गडचिरोलीच्या बाहेर जावे लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवला. बाहेरचा जाणकार बोलवायचा, कायद्याचे कलम समोर ठेवायचे, प्रश्न विचारायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने करायचा. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. मग वनखाते म्हणाले, बांबू तुमचा नाही. गाव म्हणाले, कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे आणि तिच्यात बांबू लिहिलेला आहे. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या वादात कायदा नीट कोणी वाचला होता? पदवीधर अधिकाऱ्यांनी की अर्ध्या चड्डीतल्या कास्तकारांनी? अडाणीपणाचा शिक्का ज्यांच्यावर मारला जातो त्यांना कागद, वेळ आणि समजावून सांगणारा एक माणूस मिळाला तर काय होते, याचा हा पुरावा आपल्याच मातीतला आहे.

आता खरा जड आक्षेप. तो माझ्या विरोधकांपेक्षा मलाच जास्त छळतो. मराठीत छापले म्हणजे पोचले का? विदर्भाचा अनुभव सांगतो, नाही. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. पाकिटात ४५० ग्रॅम बीटी सरकी आणि सोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी. ती पुडी वावराच्या कडेने पेरायची, म्हणजे बोंडअळीला साधी पऱ्हाटीही खायला मिळते आणि बीटीला दाद न देणारी अळी लवकर तयार होत नाही. सूचना दिलेली होती. पण कोणी तरी बांधावर उभे राहून, हे नाही पेरले तर दहा-पंधरा वर्षांनी काय होईल ते सांगितले का? पुड्या कोठ्यात पडून राहिल्या, काही उकिरड्यावर गेल्या. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच पऱ्हाटीवर पुन्हा बोंडे घेण्याची सवय आणि लांब मुदतीची वाणे यांची भर पडली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या वर माणसे गेली. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीसोबत माहितीपत्रक असते, रबराने बांधलेले, कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, घडीत घडी घातलेले. उलगडले की अनेक भाषा, त्यांत मराठीही, आणि अक्षरे एवढी बारीक की चष्मा लावूनही डोळे भरून येतात. बाटलीवर विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा. निळा पिवळ्यापेक्षा सौम्य की जहाल, हे रोजंदारीवर पंप पाठीवर घेणाऱ्याला विचारून पाहा. कंपनी मात्र न्यायालयात म्हणू शकते, आम्ही तर मराठीत सांगितले होते.

म्हणजे माझ्या मागणीचा असाच विपर्यास होऊ शकतो, हे मला दिसते. नियामक मंडळ उद्या सगळ्या संहितांचे यंत्राकडून मराठी करून घेईल, संकेतस्थळावर टाकेल, आणि ‘जनतेला माहिती दिली’ असा शेरा मारून मोकळे होईल. तसले मराठी इंग्रजीपेक्षाही अवघड असते. म्हणून नुसते भाषांतर मला नको आहे. मला हवी आहे ती छापण्यामागची जबाबदारी. कागद गावात कोणी आणला, वाचून कोणी दाखवला, प्रश्नांना सहीनिशी उत्तर कोणी दिले, आणि हे झाले नाही तर पुढची प्रक्रिया थांबते का? औषधाच्या बाटलीबाबत या चारांपैकी एकही अट नव्हती. मेंढा-लेखात पहिल्या दोन अटी गावाने स्वतः पुऱ्या केल्या, तिसरी भांडून मिळवली.

असे काही कायद्यात बसते का? बऱ्याच अंशी आधीपासून बसलेलेच आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(४) सांगते, की माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातले सर्वांत परिणामकारक माध्यम विचारात घ्यावे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, आणि वर्तमानपत्र पोचत नसेल तिथे दवंडीची सोयसुद्धा आहे. कोतवालाची दवंडी केंद्राच्या अधिसूचनेत आहे, हे आमच्या गावातल्या कोणाला ठाऊक आहे? मेख आहे ती ‘सारांश’ या शब्दाआड. दहा पानांत ‘परिणाम नगण्य’ असे लिहिता येते. नगण्य कोणत्या आकड्यावरून ठरवले ते मूळ अहवालाच्या शेकडो पानांत असते आणि ती पाने इंग्रजीत. कोकणातल्या जैतापूर अणुप्रकल्पाचा पर्यावरण अहवाल तर आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेला. मे २०१० मध्ये तिथल्या माडबन गावाला सुनावणी झाली तेव्हा गावकऱ्यांची तक्रार हीच होती, की मराठी अहवाल वेळेत आणि सगळ्या ग्रामपंचायतींना मिळाला नाही. अहवाल महाराष्ट्रात तयार झाला, प्रकल्प महाराष्ट्रात, वाचणारे मराठी, तरी मराठी प्रतीसाठीच झगडा. त्यापुढे फ्रान्स पाहा. अणुविजेवर सर्वांत जास्त विसंबलेला हा देश. तिथे १९८१ पासून अणुकेंद्रांभोवती स्थानिक माहिती समित्या बसू लागल्या आणि २००६ च्या कायद्याने त्यांना पक्के स्थान दिले. निवडून आलेले सदस्य, कामगार संघटना, पर्यावरणवाले, सगळे एका टेबलावर, आणि केंद्राने त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे. यामुळे फ्रान्सच्या भट्ट्या बंद पडल्या असे काही झालेले नाही.

विदर्भात सगळ्यांना हिंदी येते, मग मराठीचा हट्ट कशाला, असेही कोणी म्हणेल. नागपूरच्या बाजारातली हिंदी आम्हाला येते. वार्षिक अहवालातली हिंदी बाजारात कोणी बोलत नाही.

राहिला भीतीचा मुद्दा. जास्त सांगितले तर लोक घाबरतील, असे अधिकारी खासगीत म्हणतात. मला उलटे दिसते. विदर्भातल्या कास्तकाराने अणुऊर्जा खात्याचे बी कधीच नाकारले नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी किरणांनी बदललेल्या वाणांचा उपयोग करून काढलेला टीएयू-१ उडीद १९८० च्या दशकापासून इथल्या वावरांत आहे. टीएजी-२४ भुईमूगही त्यांचाच. ते वाण लोकांनी का घेतले? विद्यापीठाच्या शिवारफेरीत पीक उभे दिसले, शेंगा मोजून पाहता आल्या, आणि शंका विचारायला समोर माणूस होता. ज्याची माहिती मिळत नाही त्याचीच माणूस भीती धरतो, आणि ती जागा मग व्हिडिओ भरून काढतो. लुळ्या पोरांचा व्हिडिओ खोटा आहे हे सिद्ध करायला मला मंडळाच्या अहवालातले एक पान हवे आहे. ते मराठीत नसेल तर पानठेल्यावर माझा युक्तिवाद दोन मिनिटांत हरतो, भले तो बरोबर असो.

मागणी म्हणून गावांनी काय धरावे? प्रकल्प अणूचा असो की कोळशाचा, पूर्ण अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतीत पोचल्याची पावती ज्या तारखेला मिळेल, त्या तारखेपासूनच ३० दिवस मोजले जावेत, हे अधिसूचनेत लिहून घ्यावे. मराठी आणि इंग्रजी प्रतीत तफावत निघाली तर गावाला दिलेली प्रत खरी धरावी. १ मे किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एवढे दोन ठराव घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि ते घ्यायला प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात असण्याचीही गरज नाही. याने प्रकल्प लांबतील, हे उत्तर तयार असेलच. जैतापूरला पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली. त्याला पंधरा वर्षे उलटली, तिथे अजून एकही भट्टी चालू नाही. विजेचा दर काय, अपघाताची भरपाई कोणी द्यायची, अरेवा या फ्रेंच कंपनीच्या जागी आलेल्या ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीशी करार कसा करायचा, यांत ती वर्षे गेली. माडबनच्या लोकांना पूर्ण अहवाल मराठीत करून द्यायला फार तर चार-सहा महिने लागले असते.